विकत घेतलेलं गाणं नेमकं कोणाचं?



आजच्या विषयाकडे मी जरा आडवळणाने येतो. माझे एक मामा सांगलीला राहायचे. ते गेल्यावर घराची, भांड्याकुंड्यांची वाटणी झाली आणि एक लाकडी पेटी माझ्या वाट्याला आली. पेटीत चाळीसेक तबकड्या होत्या. जुन्या, लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. सात-आठांना तडे गेले होते. मामींनी जुन्या साड्यांत गुंडाळून पेटी टेम्पोत ठेवली आणि म्हणाल्या, "जपून ने रे." झालं. ना सही, ना शिक्का, ना कोणत्या कंपनीची परवानगी. मामांची गाणी माझी झाली.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने मला विचारलं, "बाबा, तू ऑनलाइन विकत घेतलेली गाणी आहेत ना, ती पुढे मला मिळतील?" तिने सहज विचारलं. पण कायद्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला त्याचं एका वाक्यात उत्तर देता येईना. आजचं व्याख्यान म्हणजे ते लांबलेलं उत्तर आहे असं समजा.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. चोरून उतरवलेल्या गाण्यांबद्दल मी बोलणार नाही. मी बोलणार आहे ते रीतसर पैसे मोजून घेतलेल्या गाण्याबद्दल. प्रामाणिक गिऱ्हाईकाबद्दल. त्या गिऱ्हाईकाने नेमकं काय विकत घेतलं? ते त्याला मित्राला देता येतं का, विकता येतं का, मागे ठेवून जाता येतं का?

आता हे समजून घ्यायचं तर दोन गोष्टी वेगळ्या करायला लागतात. एक म्हणजे वस्तू, आणि दुसरी म्हणजे त्या वस्तूत साठवलेली कृती. तबकडी मामांची होती. तबकडीवरचं गाणं मामांचं नव्हतं. म्हणजे मामा तबकडी वाजवू शकत होते, शेजाऱ्याला देऊ शकत होते, बाजारात विकू शकत होते, रागाच्या भरात फोडूही शकत होते. पण तिच्या हजार प्रती छापून दुकान थाटू शकत नव्हते. प्रत काढण्याचा हक्क गाण्याच्या मालकाचा, आणि काढलेली प्रत एकदा विकली की ती घेणाऱ्याची. ही विभागणी इतकी सरळ वाटते की ती कुणी तरी कधी तरी भांडून ठरवली असेल असं आपल्या मनातही येत नाही. पण ती भांडूनच ठरलेली आहे, आणि त्यातली महत्त्वाची भांडणं अमेरिकेत झाली. म्हणून आपल्याला तिथे जायचंय, सन १९०८ मध्ये.

न्यूयॉर्कमध्ये मेसीज नावाचं मोठं दुकान होतं. स्ट्राउस कुटुंबाचं. तिथे पुस्तकं स्वस्तात मिळत. बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने 'द कास्टअवे' नावाची कादंबरी काढली आणि आत छापून टाकलं की या पुस्तकाची किंमत एक डॉलर. कोणत्याही दुकानदाराला याहून कमी किमतीत विकण्याचा परवाना नाही. विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीजने ते पुस्तक ८९ सेंटला विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि प्रकाशक हरला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत विकण्याचा हक्क तुमचा होता, तो तुम्ही एकदा वापरलात. पुढे ती प्रत कोण, कुणाला, किती रुपयांना विकतो हे पुस्तकात एक ओळ छापून तुम्हाला ठरवता येणार नाही. यालाच पुढे पहिल्या विक्रीचं तत्त्व म्हणू लागले. दुसऱ्याच वर्षी, १९०९ च्या कायद्यात, ते लिहिलं गेलं. जगभरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागे, ग्रंथालयांमागे हाच विचार उभा आहे.

त्याच वर्षी, तीनच महिने आधी, त्याच न्यायालयाने संगीताबद्दल आणखी एक निकाल दिला होता. त्या काळी आपोआप वाजणारे पियानो निघाले होते. त्यात कागदाची गुंडाळी बसवायची, तिच्यावर भोकं पाडलेली असत, आणि त्या भोकांप्रमाणे पट्ट्या दाबल्या जात. व्हाइट-स्मिथ नावाच्या संगीत प्रकाशकाने अपोलो कंपनीवर दावा लावला की तुम्ही आमच्या गाण्याची नक्कल करताय. न्यायालय म्हणालं, नाही. माणसाला ही भोकं बघून गाणं वाचता येत नाही, म्हणून ही गुंडाळी म्हणजे गाण्याची 'प्रत' नव्हे, तो यंत्राचा भाग आहे. संगीतकारांवर हा अन्यायच होता, आणि १९०९ च्या कायद्याने तो थोडाफार दूर केला. दर यांत्रिक प्रतीमागे दोन सेंट द्यायचे असं ठरलं. पण त्या निकालातला प्रश्न लक्षात ठेवा: 'प्रत' म्हणजे काय? हा प्रश्न शंभर वर्षांनी दुसऱ्याच दाराने परत येणार आहे.

आता तिसरं भांडण. हे माझं सगळ्यात आवडतं आहे, कारण ते वाचताना वाटतं आजच्या पेपरात आलंय. व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी, म्हणजे फोनोग्राफ आणि तबकड्या बनवणारी बडी कंपनी. तिने आपल्या यंत्रांवर एक सूचना चिकटवली. तिचा मथितार्थ असा, की हे यंत्र तुम्हाला विकलेलं नाही. वापरण्याचा फक्त परवाना दिलेला आहे. आमच्या पेटंटची मुदत संपेपर्यंत मालकी आमचीच राहील. आणि यंत्र वापरायचं ते आमच्याच तबकड्यांबरोबर. बघा, 'विकलं नाही, परवाना दिला' ही शक्कल संगणकवाल्यांनी काढली असं आपल्याला वाटतं. ती १९१७ च्या आधीची आहे! आणि प्रतिपक्ष कोण, तर पुन्हा तेच मेसीजवाले स्ट्राउस. त्यांनी यंत्रं मिळवून स्वस्तात विकली होती. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिक्टरचा दावा फेटाळला. गिऱ्हाईक दुकानात येतं, पूर्ण किंमत मोजतं, वस्तू घरी नेतं, ती परत करायची नसते. मग तुम्ही तिला परवाना म्हणा नाही तर आणखी काही म्हणा, ही विक्रीच आहे. कागदावरच्या नावापेक्षा व्यवहाराचं रूप पाहायचं, असा तो निकाल होता.

आपल्याकडे त्या वेळी काय चाललं होतं? १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये गौहर जानच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं झाली. सुरुवातीला तबकड्या जर्मनीत छापून यायच्या. १९०८ मध्येच, योगायोग बघा, कलकत्त्यात तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. मग नाट्यसंगीत आलं, बालगंधर्वांच्या तबकड्या आल्या, आणि मराठी घरांमध्ये कपाटावर ग्रामोफोन दिसू लागला. तबकडी घ्यायची, ऐकायची, गावाहून पाहुणे आले की त्यांना ऐकवायची, लग्नघरी उसनी द्यायची, कंटाळा आला की चोरबाजारात विकायची. या सगळ्याला कायदा काय म्हणतो हे कुणी विचारलं नाही.

आणि इथे एक गमतीदार गोष्ट सांगतो. १९९४ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला असा हक्क दिला गेला की ध्वनिमुद्रणाची कोणतीही प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार त्याचा. ती प्रत पूर्वी विकली गेलेली असली तरीसुद्धा. पुस्तकांना ही अट नव्हती. म्हणजे शब्दशः वाचलं तर वापरलेली कॅसेट रस्त्यावर मांडून विकणारा माणूस कंपनीच्या हक्कात हात घालत होता! २०१२ च्या दुरुस्तीत ते शब्द काढले आणि हा हक्क विक्री आणि व्यापारी भाडं इथवर आणला. मधल्या काळात फुटपाथवर, रद्दीच्या दुकानात जुन्या कॅसेटी, सीडी सुखेनैव विकल्या गेल्या. का? कारण वस्तू हाताने हाताला दिली जाते तेव्हा कायद्याला तिथे शिरायला जागाच नसते. माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. आपण समजत होतो की गिऱ्हाईकाची मालकी कायद्याने सांभाळली. बऱ्याच अंशी ती त्या वस्तूने सांभाळली. लाखेच्या तबकडीने, प्लॅस्टिकच्या कॅसेटने.

मग त्या वस्तूचं काय झालं? पहिला तडा कॅसेटने दिला. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि प्रथमच सामान्य माणसाला घरी बसून नक्कल काढता येऊ लागली. त्याआधी मोठ्या टेप रेकॉर्डरवर ते करता यायचं, आणि जर्मनीत त्यावरून बराच वाद झाला होता. तिथल्या संगीतकारांच्या संस्थेची अशी मागणी होती की दुकानदारांनी रेकॉर्डर घेणाऱ्यांची ओळख आम्हाला कळवावी. न्यायालयाने ते मानलं नाही. लोकांच्या घरात काय चालतं ते तपासत बसणं योग्य नव्हे. त्यातून १९६५ च्या जर्मन कायद्यात एक तोडगा निघाला. घरगुती वापरासाठी नक्कल करायला मोकळीक, पण रेकॉर्डर विकला जातो तेव्हा त्यावर थोडी आकारणी घ्यायची आणि ती कलाकारांना वाटायची. घरात डोकावायचं नाही आणि कलाकाराला उपाशीही ठेवायचं नाही. मला हा त्या शतकातला एक शहाणा तोडगा वाटतो.

इंग्लंडने हा मार्ग घेतला नाही. १९८० च्या दशकात तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांनी मोहीम काढली की घरी टेप करणं म्हणजे संगीताचा जीव घेणं, आणि चित्र काय, तर कवटीच्या आकाराची कॅसेट. पण कायद्यात मोकळीक नाही. त्याचा परिणाम असा, की स्वतःच्या पैशाने घेतलेली सीडी स्वतःच्याच संगणकावर उतरवणं तिथे बेकायदेशीर होतं, आणि करत सगळेच होते. १ ऑक्टोबर २०१४ पासून सरकारने त्याला परवानगी दिली. जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कलाकारांना भरपाई न देता सूट दिली होती आणि त्यामुळे नुकसान होत नाही याचा पुरेसा पुरावा सरकारकडे नव्हता. म्हणजे साडेनऊ महिने कोट्यवधी लोक कायदा पाळणारे झाले आणि पुन्हा, एकही गोष्ट वेगळी न करता, कायदा मोडणारे झाले.

आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेटने क्रांतीच केली. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी गावोगाव पोचवल्या. भजनं, लोकगीतं, जुन्या गाण्यांच्या दुसऱ्या आवाजातल्या आवृत्त्या. दुकानदाराला यादी द्यायची आणि तो दोन दिवसांत आपल्या आवडीच्या गाण्यांची कॅसेट भरून द्यायचा, हे इथे बसलेल्या अनेकांनी केलेलं असणार. मान हलवू नका, मीही केलंय. ते कायद्यात बसत नव्हतं. पण ज्या गायकाला, गीतकाराला त्यातून दमडी मिळाली नाही त्याची बाजूही आपण आज विसरायची नाही. नक्कल फुकट झाली म्हणजे गाणं फुकट झालं असं नाही.

आता डिजिटल. सीडी आली तेव्हाही वस्तू हातात होतीच. पण सीडीवर गाणं म्हणजे आकडे, आणि आकड्यांची नक्कल मूळाइतकीच चांगली. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी आणि इतरांनी घडवलेल्या एमपी३ पद्धतीने त्या आकड्यांचा आकार इतका कमी केला की गाणं तारेवरून जाऊ लागलं. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. नॅपस्टरची कथा सगळ्यांना माहीत असते. त्याच वेळचा दुसरा खटला लोक विसरतात, आणि आपल्या विषयाला तोच जवळचा आहे.

एमपी३ डॉट कॉम या कंपनीने २००० मध्ये एक सेवा काढली. तुमच्याकडची सीडी संगणकात घालून दाखवा. ती तुमच्याकडे आहे याची खात्री पटली की त्या सीडीतली गाणी तुम्हाला कुठूनही, कुठल्याही संगणकावर ऐकता येतील. त्यासाठी कंपनीने हजारो सीडी विकत आणून आपल्या संगणकांवर उतरवल्या होत्या. गिऱ्हाईकाने सीडी घेतलेली, कंपनीनेही सीडी घेतलेली. चोरी कुठे आहे? न्यायालय म्हणालं, कंपनीने काढलेली प्रत हीच विनापरवानगी आहे. गिऱ्हाईकाच्या कपाटात तीच सीडी आहे याने फरक पडत नाही. इथून पुढे एक गोष्ट स्पष्ट झाली. डिजिटल जगात ऐकणं, हलवणं, जपून ठेवणं, काहीही करायचं तर नक्कल काढावी लागते. आणि नक्कल काढण्याचा हक्क तर पहिल्यापासून गाण्याच्या मालकाचा! तबकडी देताना नक्कल होत नव्हती. फाइल देताना नक्कल झाल्याशिवाय देताच येत नाही.

२८ एप्रिल २००३ ला अ‍ॅपलने अमेरिकेत गाण्यांचं दुकान उघडलं. दोन लाख गाणी, एकेक ९९ सेंटला. बटणावर 'विकत घ्या' असंच लिहिलेलं. पण फाइलीला कुलूप होतं. ती ठरावीकच संगणकांवर चालायची. सूचना वेगळ्या भाषेत, पण १९१७ च्या व्हिक्टरची आठवण यावी अशी. इतर दुकानांच्या कुलपांनी तर आणखी एक धडा दिला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि याहूने आपापल्या संगीत दुकानांची कुलपं उघडणारे सर्व्हर बंद करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे संगणक बदलला की विकत घेतलेली गाणी मुकी. आरडाओरडा झाला, मुदती वाढल्या, कुणी पैसे परत केले. पण लोकांना कळलं की आपल्या घरातल्या कपाटाची किल्ली दुकानदाराकडे आहे. सुदैवाने तोवर वारं फिरलं होतं. २००७ पासून कंपन्या कुलपाशिवाय गाणी विकू लागल्या आणि जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलनेही संगीतावरचं कुलूप काढत असल्याचं जाहीर केलं.

भारतात ही दुकानं उशिरा आली आणि लवकर गेली. फ्लिपकार्टने २०१२ च्या सुरुवातीला 'फ्लाइट' नावाने बिनकुलपाची एमपी३ गाणी विकायला काढली. २०१३ च्या मध्यावर ते बंद झालं. दीड वर्षही चाललं नाही. अ‍ॅपलचं दुकान आपल्याकडे आलं तेच डिसेंबर २०१२ मध्ये. गाणं विकत घेण्याची सवय लागायच्या आतच लोक वर्गणी भरून ऐकू लागले.

आता प्रश्न उरतो तो बिनकुलपाच्या फाइलीचा. ती माझी आहे ना? मग मी ती विकू शकतो का? हा प्रश्न २०११ मध्ये अमेरिकेत रेडिजी नावाच्या छोट्या कंपनीने विचारला. तिने जुन्या डिजिटल गाण्यांचा बाजार काढला. रीतसर विकत घेतलेलं गाणं विकायला द्या. ते तुमच्या संगणकावरून तुकड्यातुकड्याने आमच्याकडे येईल, आणि प्रत्येक तुकडा येताच तुमच्याकडचा पुसला जाईल. एका वेळी एकच गाणं, एकाच जागी. कॅपिटल रेकॉर्ड्सने खटला भरला. २०१३ मध्ये रेडिजी हरली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये अपिलातही हरली. न्यायालयाने सांगितलं की मूळ पुसलं तरी नव्या जागी जे तयार झालं ती नवी प्रत आहे, आणि प्रत काढण्याला पहिल्या विक्रीचं तत्त्व संरक्षण देत नाही. तुम्हाला तुमची वस्तू विकता येईल. म्हणजे ज्या उपकरणात गाणं आहे ते उपकरण विका!

आता आठवा तो पियानोचा कागद. १९०८ मध्ये भोकं पाडलेली गुंडाळी 'प्रत' नव्हती, कारण ती डोळ्याला वाचता येत नव्हती. २०१८ मध्ये कुणालाच न दिसणारे, क्षणभर इकडून तिकडे गेलेले आकडे 'प्रत' ठरले. पहिल्या वेळी गाण्याचा मालक हरला, दुसऱ्या वेळी गाणं विकत घेणारा. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निकालांत तर्क आहे. न्यायाधीशांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर कायदा जसा होता तसा त्यांनी वाचला. पण शंभर वर्षांत एका शब्दाचा अर्थ बदलला आणि त्या अर्थाबरोबर कपाटभर हक्क इकडचे तिकडे झाले, हे आपण बघायला हवं.

युरोपही गोंधळला. २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने म्हटलं की कायमच्या परवान्याने घेतलेलं, उतरवून घेतलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकता येईल. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांबाबत उलट सांगितलं. डिजिटल प्रत झिजत नाही. जुनी आणि नवी सारखीच, त्यामुळे जुन्याचा बाजार नव्याला खाऊन टाकेल, असं एक कारण त्यात आहे. हे कारण खोटं नाही. मामांच्या तबकड्यांना तडे होते. त्या तड्यांनीसुद्धा कंपनीचा धंदा थोडा सांभाळला होता म्हणायचं!

आपल्याकडे हा वाद मुंबईत आला, जरा वेगळ्या वेषात. टिप्स या कंपनीने विंक या गाण्यांच्या अ‍ॅपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. विंकचं म्हणणं होतं की आम्ही प्रसारण करतो, तेव्हा रेडिओप्रमाणे कायद्याने ठरवलेलं शुल्क भरून गाणी वाजवू. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने ते नाकारलं, आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला. त्या निकालात आपल्या कामाचा एक भाग आहे. गाणं फोनमध्ये उतरवून साठवू देणं म्हणजे नुसतं ऐकवणं नव्हे. कायमचं दिलं तर ती विक्री, आणि वर्गणी चालू असेपर्यंत दिलं तर ते व्यापारी भाडं. फोनवर जी गाणी आपण 'माझी गाणी' म्हणून साठवतो ती भाड्याची आहेत, हे इतक्या सरळ शब्दांत क्वचितच सांगितलं जातं. २०२४ मध्ये विंकची सेवा गुंडाळत असल्याचं एअरटेलने जाहीर केलं.

भाडं वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. महिन्याच्या वर्गणीत जगातलं संगीत मिळतं, त्यातून कंपन्यांना आणि काही प्रमाणात कलाकारांना रीतसर पैसे जातात, कॅसेट भरून देणाऱ्या दुकानापेक्षा हे नक्कीच बरं. फक्त भाड्याला भाडं म्हणावं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये असा कायदाच केला की डिजिटल वस्तूचा फक्त परवाना देणार असाल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगा. त्याशिवाय 'विकत घ्या' असे शब्द वापरू नका. तो २०२५ पासून लागू आहे. व्यवहाराचं नाव आणि व्यवहाराचं रूप यात अंतर नको, ही तीच १९१७ ची गोष्ट.

आपल्या कायद्यात काय सोय आहे? २०१२ च्या दुरुस्तीने खासगी, वैयक्तिक वापरासाठी उचित व्यवहाराची सूट ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. म्हणजे घेतलेल्या सीडीची स्वतःपुरती प्रत फोनवर ठेवणाऱ्याला आपल्याकडे इंग्लंडपेक्षा चांगला आधार आहे. डिजिटल कुलूप तोडणं हा गुन्हा आहे, पण तो हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. मित्राला प्रत पाठवणं मात्र या सुटीत सहज बसत नाही, मग मित्र कितीही जिवलग असो. आणि वारशाने येणाऱ्या डिजिटल प्रतीबद्दल या कायद्यात वेगळं कलम नाही. बहुतेक सेवांच्या अटींत लिहिलेलं असतं की खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, त्यांच्या मुदती वेगळ्या. पण कधी तरी मुदत संपते आणि गाणं समाजाचं होतं. कॉपीराइट हा असा सौदाच आहे. काही वर्षं तुमचं, मग सगळ्यांचं. आता विचार करा, जुनी ध्वनिमुद्रणं आपल्यापर्यंत आली कशी? सगळी काही कंपन्यांच्या गोदामातून आली नाहीत. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. अशा संग्राहकांनी चोरबाजारातून, माळ्यांवरून, कुणाच्या आजोबांच्या पेट्यांतून तबकड्या गोळा केल्या, याद्या केल्या, कोणती तबकडी कधीची ते लावलं. ते करता आलं, कारण त्या तबकड्या कधीकाळी खरोखर विकल्या गेल्या होत्या. हजारो घरांत हजारो मालक होते. त्यातल्या नऊशे नव्व्याण्णवांनी निष्काळजीपणा केला तरी एकाची पेटी वाचली.

आज जे गाणं फक्त भाड्याने मिळतं त्याची ६० वर्षांनी मुदत संपेल, तेव्हा ते कुणाच्या घरात असेल? कायद्याने ते समाजाचं होईल, पण समाजातल्या एकाच्याही हातात त्याची प्रत नसेल तर त्या हक्काचं करायचं काय? कंपनीने जपलं तर आहे, नाही तर नाही. वारसा एका कुलपात ठेवायचा नसतो, तो अनेक माळ्यांवर विखुरलेला बरा.

तर मी मुलीला काय सांगितलं? तिला सांगितलं की जी गाणी मी बिनकुलपाची विकत घेतली ती एका हार्ड डिस्कवर ठेवली आहेत. ती डिस्क तुझी. न्यायालय म्हणालंच आहे की वस्तू देता येते, मग वस्तूच देतो. जी गाणी अ‍ॅपवरच्या यादीत आहेत ती माझी कधी नव्हतीच, ती तुला देता येणार नाहीत. यादी मात्र कागदावर लिहून ठेवतो. ती म्हणाली, "आणि मामाआजोबांची पेटी?"

मी म्हटलं, ती घेऊन जा. फक्त जपून ने.